तेलाचे थिजणे आणि पिंपरीचे एक औषध

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदा आम्हांस एखाद्या शास्त्रीय विषयावर बोलण्याची आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. आमचे आयुष्य खडू, फळा आणि पाढे यांत गेले. तेव्हा शास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार किती, हे आपण जाणताच. परंतु निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी प्राणरसायनशास्त्राचा अभ्यास करीत आहे, तिने आमच्या शंकांचे निरसन मोठ्या सोशिकपणाने केले. त्या शिदोरीवर आम्ही येथे उभे आहोत.

आमचा विषय असा. सजीवांच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक अत्यंत पातळ पटल असते. या पटलातून आरपार जाणारे प्रथिनांचे लहान लहान तुकडे असतात. त्यांना शास्त्रज्ञ पेप्टाइड म्हणतात. हे तुकडे पटलात शिरले म्हणजे त्या स्निग्ध पदार्थाच्या थिजण्यावर आणि पातळ होण्यावर काय परिणाम होतो, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न ऐकून काही मंडळी घड्याळाकडे पाहू लागली आहेत, हे आम्हांस येथून दिसते! परंतु हा विषय आम्ही उगीच निवडला नाही. एक तर तेल थिजते केव्हा आणि का, हे ज्ञान आपल्या घराण्यांत घाण्याबरोबर चालत आले आहे. आणि दुसरे म्हणजे, या जातीच्या पेप्टाइडांपैकी एक नामांकित पेप्टाइड सापडले ते लंडनला किंवा बर्लिनला नव्हे, तर आपल्या पिंपरीस.

प्रथम तेलाकडे वळू. आज येथे जमलेल्यांपैकी साठीच्या वरच्या मंडळींनी बैलाचा घाणा डोळ्यांनी पाहिलेला आहे. घाण्यावर बसणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण करडईचे तेल कडाक्याच्या थंडीतही वाहते, भुईमुगाचे तेल गारठ्यात गढूळ होऊन दाट होते, आणि खोबरेल तर पौष महिन्यात बाटलीतून निघतच नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. असे का होते? तेलाचा प्रत्येक कण कार्बनच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. खोबरेलातील बहुतेक साखळ्या सरळ असतात. सरळ काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधली जाते, तशा त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली तेल थिजते. करडईच्या साखळ्यांत ठिकठिकाणी बाक असतो. वाकड्या बाभळीच्या फांद्यांची मोळी कधी नीट बसत नाही. म्हणून करडईचे तेल थिजत नाही. वनस्पती तूप करणारे कारखानदार निकेल धातूच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन वायू घालतात तो हे बाक काढण्यासाठीच. बाक गेला की तेलाचे तूप झाले! या एका युक्तीने आपल्या किती घाण्यांच्या लाटा थांबल्या, तो इतिहास निराळा आहे आणि त्यावर बोलू लागलो तर आजचा विषय बाजूला राहील.

आता पेशीच्या पटलाकडे जाऊ. तेथील स्निग्ध कण तेलाच्या कणाचा चुलतभाऊ समजावा. त्याला दोन शेपट्या तेलकट, आणि डोके मात्र पाण्याची आवड असलेले. असे कोट्यवधी कण पाण्यात टाकले असता ते आपोआप दोन थरांत मांडून बसतात: शेपट्या आत एकमेकींसमोर, डोकी बाहेर पाण्याकडे. पोळीला दोन पदर सुटतात तसे हे दुपदरी पटल. त्याची एकूण जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यांतील एक भाग. आणि आतला निव्वळ तेलकट भाग सुमारे ३ नॅनोमीटर. पटल दुपदरी आहे हे प्रथम १९२५ मध्ये हॉलंडातील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी दाखविले. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींतून सारे स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरले, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पुढे असे आढळून आले की त्यांचे द्रव्यही थोडे कमी निघाले होते आणि पृष्ठभागाचे मापही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि उत्तर बरोबर आले. परीक्षेत असे घडले असते तर आम्ही त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण दिले नसते, परंतु निसर्ग मास्तरांपेक्षा उदार असतो.

हे पटलही तेलासारखेच थिजते आणि पातळ होते. १४ कार्बनच्या सरळ शेपट्या असलेले एक नेहमीचे स्निग्ध द्रव्य घेतले तर त्याचे पटल २४ अंशांच्या जवळपास पातळ होते, म्हणजे आपल्या खोबरेलाबरोबरच. शेपट्या १६ कार्बनच्या झाल्या की हाच आकडा सुमारे ४१ वर जातो, १८ च्या झाल्या की ५५ वर. आणि १८ च्या शेपट्यांत प्रत्येकी एकच बाक दिला, तर तो शून्याच्याही सुमारे १७ ते २० अंश खाली घसरतो. आपल्या शरीराची उष्णता ३७ अंश. यावरून ध्यानात येईल की पेशीला आपले पटल पातळ राखण्यासाठी बाक असलेल्या शेपट्यांची योग्य मात्रा सांभाळावी लागते. थंड पाण्यातील माशांच्या पटलांत अशा शेपट्या अधिक असतात. पटल पूर्ण थिजले तर त्यातील कामकाज ठप्प होईल, आणि फारच पातळ झाले तर आतले बाहेर व बाहेरचे आत होईल.

थिजलेल्या आणि पातळ पटलांत आणखी एक फरक आहे, तो लक्षात ठेवावा अशी आमची विनंती आहे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. थिजलेल्या पटलात शेपट्या ताठ उभ्या असतात. म्हणून ते जाड असते. पातळ झाले की शेपट्या सैल पडून वेड्यावाकड्या होतात. म्हणून ते रुंदीला पसरते आणि जाडीला कमी होते.

कोलेस्टेरॉलचे नाव काढल्यावाचून वयस्कर मंडळींचे समाधान होणार नाही. रक्तवाहिनीत ज्याचा एवढा धसका आपण घेतो, तेच कोलेस्टेरॉल पटलात मात्र मध्यस्थाचे काम करते. ते ताठ शेपट्यांना पुरते थिजू देत नाही आणि सैल शेपट्यांना फार सैल होऊ देत नाही. पुरेशा प्रमाणात ते असले की थिजणे आणि पातळ होणे यांमधील सीमाच पुसट होते.

असो. १९७२ मध्ये अमेरिकेतील सिंगर आणि निकोल्सन यांनी असे मांडले की पेशीचे पटल म्हणजे स्निग्ध द्रव्याचे पातळ तळे असून त्यात प्रथिने तरंगत असतात. ही कल्पना सर्वमान्य झाली. परंतु त्यातून असा समज होण्याचा संभव होता की तळे ते तळे आणि तरंगणारे ते तरंगणारे. पाण्यात ओंडका टाकला म्हणून पाणी काही बर्फ होत नाही. पुढच्या संशोधनाने दाखविले की येथे मात्र ओंडक्यामुळे तळ्याची प्रकृती बदलते.

पटलातून आरपार जाणारे पेप्टाइड बहुधा मळसूत्राच्या आकाराचे असते. अमिनो आम्लांचे दुवे एकापुढे एक वेटोळे घेत जातात आणि प्रत्येक दुव्यागणिक मळसूत्राची लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते. शाळेतील त्रैराशिक येथे उपयोगी पडते: २० दुवे म्हणजे ३ नॅनोमीटर, नेमकी पटलाच्या तेलकट भागाची जाडी. पण दुवे कमी किंवा अधिक असले तर?

१९८४ मध्ये मोरिट्सन आणि ब्लूम या दोन शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे जे उत्तर गणिताने मांडले, त्याला त्यांनी गादीचे नाव दिले. आपण पिंजाऱ्याकडून गादी भरून घेतो तेव्हा तो तिला आरपार टाके घालतो. दोरा आखूड ओढला की टाक्याभोवती गादी दबते आणि तेथे खळगा पडतो. दोरा सैल असला तर गादी आपल्या फुगीरपणात राहते. पेप्टाइड हा पटलाचा टाका. फरक एवढाच की दोरा मऊ असतो आणि हा टाका खुंटीसारखा ताठ असतो. म्हणून खुंटी लांब असेल तर आजूबाजूच्या शेपट्यांना तिच्या उंचीला पुरण्यासाठी ताठ व्हावे लागते, नाहीतर खुंटीला तरी तिरपे व्हावे लागते.

आता मघाचा फरक आठवावा. जाड पटल थिजलेले, बारीक पटल पातळ. म्हणून लांबी जर थिजलेल्या पटलाच्या जाडीशी जुळणारी असेल, तर पेप्टाइड थिजण्याला मदत करते आणि पातळ होण्याचा आकडा वर सरकतो. लांबी कमी असेल, तर ते पातळपणाला धार्जिणे ठरते आणि आकडा खाली येतो. स्निग्ध द्रव्य तेच, पाणी तेच, उष्णता तीच. एका आखूड टाक्याने तुपाचे तेल व्हावे, असा हा प्रकार आहे.

हे मोजतात कसे, ते थोडक्यात सांगतो. बर्फ वितळताना उष्णता शोषते पण त्याचा अंश वाढत नाही, हे सातवीच्या मुलालाही येते. शुद्ध स्निग्ध द्रव्याचे पटल हळूहळू तापवत नेले, तर ठरलेल्या अंशापाशी ते एकदम उष्णता शोषते आणि कागदावर सुळक्यासारखी रेघ उमटते. त्यात थोडे पेप्टाइड मिसळून पुन्हा तापविले की सुळका बसका होतो, रुंदावतो आणि जागेवरून सरकतो. बसका का होतो? कारण प्रत्येक पेप्टाइडाला चिकटून बसलेले स्निग्ध कण बाकीच्यांबरोबर थिजू शकत नाहीत. लग्नाच्या पंगतीत काही मंडळी वाढप्याला धरून बसली म्हणजे सारी पंगत एका वेळी उठत नाही, तसे.

आणि टाका फारच आखूड झाला तर? मग पटल पटलच राहत नाही. हॉलंडातील युट्रेख्ट येथील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ग्रामिसिडिन नावाचे पेप्टाइड १८ कार्बनच्या बाकदार शेपट्यांच्या पटलात मिसळले, तेव्हा दुपदरी थर मोडून त्यांच्या बारीक नळ्या झाल्या आणि त्या नळ्या उसाच्या मोळीसारख्या एकमेकींलगत रचल्या गेल्या. शेपट्या आखूड घेतल्या तर मात्र असे झाले नाही. १९९६ मध्ये त्याच ठिकाणी अँतोआनेत किलियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम निरनिराळ्या लांबीची पेप्टाइडे घडवून हीच गोष्ट पद्धतशीर सिद्ध केली. लांबी जुळली तर थर टिकतो; फार आखूड पडली तर मोडतो. हे ग्रामिसिडिन मुळात १९३९ मध्ये रेने द्युबो यांनी मातीतील एका जंतूपासून मिळविले होते. जंतुनाशक म्हणून ते जालीम, परंतु तांबड्या पेशीही फोडते. म्हणून पोटात देत नाहीत, डोळ्यांत घालण्याच्या काही औषधांत वापरतात.

मातीचा उल्लेख आला, आता आपण पिंपरीस येऊ.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा भारत सरकारचा औषधांचा पहिला कारखाना १९५४ मध्ये पिंपरीस स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन निघू लागले. आपले जुने लोक अजूनही त्यास 'पेनिसिलिन फॅक्टरी' म्हणतात आणि नवे लोक 'एच.ए.' म्हणतात. आमच्या वर्गात त्या वसाहतीतील मुले असत. मोटारी, स्कूटर आणि यंत्रे यांच्या कारखान्यांनी पिंपरी-चिंचवड गजबजले ते बहुतांशी त्यानंतर. चाकणचा पट्टा तर फार अलीकडचा. ज्या चाकणला संताजी महाराज जगनाडे जन्मले, तेथील शिवारात आता मोटारी तयार होतात. परंतु या साऱ्या उद्योगनगरीच्या आरंभी बुरशी वाढविण्याची पिंपे होती, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे.

या कारखान्यात नुसते उत्पादन नव्हते, संशोधनाचा विभागही होता, आणि पिंपरीहून निघणारे 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे त्याचे नियतकालिकही होते. या संशोधनाचे धुरीण एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ, म्हणजे बुरशीचे जाणकार. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हामायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. त्याच्या नावातील आरंभीची अक्षरे कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे होत. ज्या जंतूपासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचे नाव असे लॅटिन वेषात जगभरच्या ग्रंथांत गेले आहे! पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे औषधही तेथलेच.

आणि १९६८ मध्ये त्याच बुलेटिनमध्ये तिरुमलाचार यांनी अँटिअमीबिन या नव्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. ते ज्या बुरशींपासून मिळाले त्यांपैकी एकीचे नाव एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस आणि दुसरीचे सेफॅलोस्पोरियम पिंप्रिनम. एकीत पुणे, दुसरीत पिंपरी. आव आणि जंत ही त्या काळी घरोघरची दुखणी होती. आवेचा अमीबा आणि पोटातील जंत या दोहोंवर चालणारे म्हणून या द्रव्याकडे पाहिले गेले. नावातच अमीबाचा शत्रू असे म्हटले आहे.

पुढे त्याची रचना उलगडली. अँटिअमीबिन हे १६ दुव्यांचे पेप्टाइड आहे. त्यातील कित्येक दुवे नेहमीच्या प्रथिनांत आढळतच नाहीत. निम्मे तर अशा घडणीचे आहेत की साखळीला मळसूत्राखेरीज दुसरा आकार घेणे अवघड व्हावे. बुरशी हे दुवे स्वतः घडविते. शेवटी एक अल्कोहोल जोडलेले असते. अशा द्रव्यांच्या कुळाला पेप्टायबॉल म्हणतात. १९९८ मध्ये दोन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची आकृती पाहिली: एकीकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम आणि अमेरिकेतील इझाबेला कार्ल, दुसरीकडे लंडनमधील वॉलेस आणि त्यांचे सहकारी. दोघांनाही मळसूत्र दिसले, परंतु ते मध्ये वाकलेले. साखळीच्या उत्तरार्धात प्रोलीन जातीचे तीन दुवे आहेत, त्यांनी हा बाक आणला आहे.

आता मघाचे त्रैराशिक पुन्हा करू. साधे मळसूत्र मानले तर १६ दुवे म्हणजे सुमारे २.४ नॅनोमीटर. पटलाचा तेलकट भाग ३ नॅनोमीटर. म्हणजे टाका आखूड, शिवाय वाकडा. अशा टाक्याने गादी दबणार, हे आता आपल्याला कोणी सांगावयास नको. हे द्रव्य पटलातून क्षार कसे नेते, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद झाले. काहींना वाटले, ते एकेका क्षारकणाला मिठीत घेऊन नावाड्यासारखे पैलतीरी पोचविते. काहींना आढळले की अनेक मळसूत्रे एकत्र येऊन वर्तुळात उभी राहतात आणि मधून बोगदा पडतो. आमच्या समजुतीप्रमाणे दोघांनीही जे पाहिले ते पाहिलेच. पटल कोणते घेतले यावर ते अवलंबून आहे. आमच्या प्राणरसायन शिकणाऱ्या मुलीने येथे आम्हांस थांबवून सांगितले की यातच सगळे मर्म आहे. पेप्टाइड पटलाला बदलते, आणि पटल पेप्टाइडाचे काम ठरविते. एकाचा स्वभाव दुसऱ्यावाचून सांगताच येत नाही.

याच कुळातील २० दुव्यांच्या अलामेथिसिनवर अमेरिकेतील ह्युई हुआंग यांनी क्ष-किरणांनी जे पाहिले, ते फार बोधप्रद आहे. द्रव्य थोडे असेल तोवर ते पटलाच्या पृष्ठभागी आडवे पडून राहते. पटल थोडे ताणले जाऊन त्याची जाडी कमी होते, एवढेच. मात्रा वाढत गेली की एका मर्यादेनंतर मळसूत्रे उभी राहून आत शिरतात आणि छिद्रे पडतात. मर्यादेच्या अलीकडे पेशी जिवंत, पलीकडे मृत.

येथेच औषध आणि विष यांची सीमा आहे, आणि आमच्या मते याच ठिकाणी हा विषय प्रयोगशाळेतून आपल्या घरात येतो. अमीबाला पटल आहे, तसे आपल्यालाही आहे. या कुळातील द्रव्ये तांबड्या पेशीही फोडू शकतात. म्हणून अँटिअमीबिन हे घरोघर पोचणारे औषध झाले नाही. आवेसाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आल्या, त्या अमीबाच्या आत शिरून निराळ्याच मार्गाने त्याचा नाश करतात. परंतु म्हणून पिंपरीचे काम वाया गेले, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. जंतूंच्या पटलात आणि आपल्या पटलात फरक आहेत. हामायसिनच्या जातीची औषधे बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला धरतात. आपल्या पटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. जंतूंच्या पटलात ऋण विद्युतभाराचे स्निग्ध कण पुष्कळ असतात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पदरात ते फारसे नसतात. डॅप्टोमायसिन नावाचे औषध नेमका हा फरक ओळखते. ते पटलावरच आघात करते आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पटल ओळखून मारणारे औषध घडविता येते, एवढे यावरून सिद्ध झाले.

आणि अशा औषधांची गरज आज वाढली आहे. पेनिसिलिनने आपल्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांना मृत्यूच्या दारातून परत आणले; त्याच पेनिसिलिनला आज अनेक जंतू जुमानत नाहीत. खोकला आला की दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या, बरे वाटले की उरलेल्या फडताळात टाकावयाच्या, ही आपल्या घरांतील रीत त्याला थोडीबहुत कारण आहे. रागावू नये, पण हे सांगणे मास्तरांचे कामच आहे. जंतूला एखादे प्रथिन बदलून औषध चुकविणे सोपे जाते. साऱ्या पटलाची घडण बदलणे त्यापेक्षा अवघड. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, परंतु त्यामुळेच पटलावर चालणाऱ्या पेप्टाइडांकडे शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा वळली आहे.

पिंपरीच्या त्या कारखान्याला १९९० च्या दशकात वाईट दिवस आले आणि आजारी उद्योगांत त्याची गणना झाली. २०१६ मध्ये देणी फेडण्यासाठी त्याच्या जमिनीचा काही भाग विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. त्याची कारणे सांगण्यास आम्ही समर्थ नाही. परंतु कारखाना आणि त्यातील विद्या या दोन वस्तू निरनिराळ्या आहेत. विद्या माणसांच्या डोक्यांत असते, आणि ती डोकी कोठून यावयाची, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांपुढे आहे.

आपली मुले आयटीआयला जातात, अभियांत्रिकीला जातात आणि चाकणच्या कारखान्यांत लागतात, याचा आम्हांस अभिमानच आहे. घर त्यावर चालते. परंतु मुलगा किंवा मुलगी रसायन वा जीवशास्त्रात एम. एस्सी. करू म्हणाली की आपण विचारतो, 'त्यातून पुढे काय मिळणार?' ज्या मुलीने आम्हांस हा विषय शिकविला, तिने दोन वर्षांमागे मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. आपल्या नियमांत शिष्यवृत्ती वैद्यकी, अभियांत्रिकी आणि तंत्रशिक्षण यांसाठीच आहे; सबब अर्ज परत गेला. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्या काळी पैसाही थोडा होता. मुलीच्या वडिलांचे किराण्याचे लहान दुकान आहे. त्यांनी कर्ज काढून तिचे शिक्षण चालू ठेवले. सध्या ती ज्या प्रयोगशाळेत काम करते, तेथे पटलाचे सुळके मोजण्याचे तेच उष्णतामापनाचे यंत्र आहे, ज्याचे वर्णन आम्ही मघाशी केले. पेप्टाइडाचा एकेक दुवा बदलून सुळका कोठे सरकतो ते ती पाहते, आणि तेच पेप्टाइड तांबड्या पेशींना किती बाधते तेही पाहते. पहिला आकडा सरकावा आणि दुसरा सरकू नये, अशी तिची खटपट चालली आहे. अजून साधलेले नाही.

आज दुपारी चार वाजता सर्वसाधारण सभा आहे. तिच्या कार्यपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला शिष्यवृत्तीच्या नियमांत मूलभूत विज्ञानाचा समावेश करण्याचा ठराव आहे. तो आम्ही मांडला आहे, आणि त्यास अनुमोदन देणारे एक ज्येष्ठ सभासद समोर बसले आहेत. जेवणानंतर बरीच मंडळी गाडी गाठण्यासाठी निघून जातात आणि सहाव्या विषयापर्यंत गणसंख्या उरत नाही, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा कृपा करून थांबावे.